काकूंना खोटं बोलायचं काय कारण

"काकूंना खोटं बोलायचं काय कारण?" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता कुणी ते अर्धं उच्चारलं तरी माझी तळपायाची आग मस्तकात जाते. पोलीस ठाण्यातल्या साहेबानं ते म्हटलं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी म्हटलं. जिच्या पोराला माझ्या भावानं सायकल शिकवली, त्या शेजारणीनंही भाजी निवडता निवडता म्हटलं. आणि शेवटी खालच्या कोर्टानं तेच जरा भारदस्त हिंदीत लिहून माझ्या भावाला सात वर्षांची शिक्षा ठोकली.

काकू खोटं बोलल्या नाहीत. हे मी आजही सांगते, आणि रागानंच सांगते. त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. खोटं बोलणारा कुठेतरी अडखळतो, काल एक सांगतो, आज दुसरं सांगतो, वकिलाला त्याला धरायला काहीतरी सापडतं. मनापासून चुकलेल्या माणसाला कुठे धरायचं? काकू पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, माझ्या भावाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, हाच तो. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. मी मागच्या बाकावर बसून त्या हाताकडे बघत होते. साखळी ओढली गेली त्या दिवशी त्या हाताचं मनगट मोडलं होतं, अजून थोडं वाकडं दिसत होतं.

आमचं घर भिलाईत, खुर्सीपारमध्ये आहे. बाबा भंडाऱ्याकडून इथे आले, स्टील प्लांटमध्ये लागले आणि कोक ओव्हनच्या धगीत त्यांनी सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सुटलं, मग इथे दोन खोल्या बांधल्या. मी कुम्हारीला एका खासगी शाळेत शिकवते, रोज बसनं जाते-येते. धाकटा भाऊ रसमड्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर होता. बाबांसारखी पक्की नोकरी आता आमच्या पिढीच्या नशिबात नाही, त्यामुळे त्याचा ठेकेदार बदलायचा, कामाची जागा बदलायची आणि महिन्यातून एकदा आईची चिडचिड व्हायची, एवढंच.

काकू सेक्टरातल्या. त्यांचे यजमान प्लांटमध्ये मोठे अधिकारी होते, स्वतः त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आमच्या मराठी मंडळात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. गणपतीतला महाप्रसाद तर पूर्ण त्यांच्या ताब्यात. कढईत मीठ किती पडायचं इथपासून पंगत किती वाजता बसायची इथपर्यंत सगळं त्या ठरवायच्या. नाकानं कांदे सोलायची सवय होती त्यांना, पण काम चोख असायचं, हे मी नाकारणार नाही.

त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती. काकू बाजारातून पायी घरी येत होत्या. सेक्टरच्या रस्त्यांवर अशा उन्हात कुत्रंसुद्धा नसतं. मोटरसायकलवरून दोघं आले, मागचा उतरला, त्यानं काकूंच्या गळ्यातली साखळी ओढली. त्यांनी ती धरून ठेवली, तेव्हा त्यानं त्यांना ढकललं. त्या पडल्या, मनगट मोडलं, साखळी गेली. त्याच्या तोंडाला पांढरा गमछा बांधलेला होता. मे महिन्यात भिलाईत मोटरसायकलवर बसणारा प्रत्येक माणूस तोंडाला गमछा बांधतो, नाहीतर चामडी सोलून निघते. काकूंना दिसलं ते कपाळ आणि डोळे. पोलिसांना त्यांनी पहिल्यांदा हेच सांगितलं, की चेहरा झाकलेला होता, अनोळखी मुलगा होता, पण डोळे पुन्हा दिसले तर ओळखीन.

माझा भाऊ त्या वेळी घरी झोपला होता. त्याची साप्ताहिक सुट्टी होती. कूलरसमोर चटई टाकून उघड्या अंगानं पालथा पडला होता आणि आई त्याच्या बाजूला बसून तांदूळ निवडत होती. हे कोर्टात सांगायला एकटी आईच होती, आणि पोराच्या बाजूनं आई काय बोलणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. सरकारी वकिलानं तिला दोनच प्रश्न विचारले आणि बसवून टाकलं.

रस्त्यावरच्या कुठल्याशा कॅमेऱ्यात काळी मोटरसायकल दिसली होती. पोलिसांनी काळ्या मोटरसायकलवाली पोरं उचलली, आणि अशी पोरं उचलायला ते सेक्टरात जात नाहीत, खुर्सीपारलाच येतात. भावाची गाडी काळी होती. घराची झडती झाली, आईचा डबा न् डबा उपडा केला, साखळी सापडली नाही. सापडणार कुठून? गाडी चालवणारा दुसरा माणूस आजपर्यंत सापडलेला नाही. म्हणजे सगळा खटला एका खुंटीवर टांगलेला होता, काकूंच्या डोळ्यांवर.

जेलमध्ये ओळख परेड झाली. तहसीलमधून एक साहेब आले, भावासारख्याच वयाची, अंगकाठीची काही पोरं रांगेत उभी केली आणि सगळ्यांच्या तोंडाला पांढरे गमछे बांधले. काकू रांगेसमोरून चालत आल्या. भावासमोर थांबल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर पहिल्या भेटीत जाळीपलीकडून तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"ताई, मी तं खूश झालो होतो ना," तो म्हणाला. "मनलं, चला, आपल्या मंडळाची काकू आली. आता ते सांगन का हा तं आपला पोरगा हाय, याले सोडा. मी तिच्याकडे पाहून मान बी हलवली, नमस्कार केल्यावानी. अन् तिनं माह्याच खांद्यावर हात ठेवला."

"तिला तू ओळखतोस हे तू साहेबाला सांगितलं का?"

"कोनी विचारलंच नाही. तोंडाले तं गमछा बांधून होता."

तो ओळखत होता म्हणजे काय, हे इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या मंडळात सगळे मराठी एकच, असं दर वर्षी भाषणात सांगतात. पंगतीत मात्र सेक्टरवाले बसतात आणि खुर्सीपारची पोरं वाढतात. असा नियम कुणी केलेला नाही, पण पोरगा मिसरूड फुटण्याआधी वाढपी होतो आणि लग्न होईपर्यंत राहतो. माझा भाऊ शाळेत असल्यापासून वाढत आला. वरणाची बादली त्याच्याकडे असायची, कारण त्याच्या हातून सांडत नसे. काकूंच्या पानात वर्षानुवर्षं त्यानं वरण वाढलं. त्या पानावरून हात फिरवून म्हणायच्या, बस, बस. त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

वकील आम्ही दुर्गचा केला, ओळखीतल्या कुणीतरी सांगितलेला. पहिल्याच भेटीत भावाचं हे बोलणं मी त्याच्या कानावर घातलं. तो खुर्चीतून उठायचाच बाकी राहिला.

"ये बात मुँह से निकालना ही मत," तो म्हणाला. "पहचान है बोलोगे तो कोर्ट पूछेगा, घर भी देखा होगा, सोना भी देखा होगा, आने-जाने का टाइम भी मालूम होगा. और फँसोगे."

बाबा हात जोडून बसले होते. "वकील सायेब मनतात तसंच करू," ते म्हणाले. बाबांनी आयुष्यभर हेल्मेटवाल्या साहेबांचं ऐकलं, आता काळ्या कोटवाल्याचं ऐकलं. मी भांडले. शिकवणारी बाई कोर्टाचं काय समजते, असं वकिलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग खटला उभा राहिला तेव्हा आमच्याच वकिलानं काकूंना छातीठोकपणे विचारलं, या मुलाशी तुमची आधीची काही ओळखदेख नाही, बरोबर? काकू म्हणाल्या, बरोबर. वैर नाही? नाही. त्याला वाटलं त्यानं फार मोठा किल्ला सर केला. नंतर फेरतपासणीत सरकारी वकिलानं काकूंना विचारलं, परेडमध्ये इतक्या जणांतून यालाच कसं ओळखलं. काकू म्हणाल्या, डोळे तेच होते, आणि शिवाय मी समोर आले तेव्हा त्याच्या डोळ्यांत ओळख दिसली. त्यानं मला ओळखलं.

आधीची ओळख नाही, असं आम्हीच लिहून दिलेलं. मग ज्या माणसाची काकूंशी ओळख नाही, तो त्यांना ओळखणार कुठून? साखळी ओढताना पाहिलं तिथूनच. माझ्या भावानं म्हाताऱ्या बाईला बघून मान लववली, आईबापांनी शिकवलेली रीत पाळली, आणि त्याच रीतीचा पुरावा झाला.

शेवटी न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. वकिलानं पढवून ठेवलं होतं, प्रत्येक प्रश्नाला 'गलत है' नाहीतर 'मालूम नहीं', तिसरा शब्द काढायचा नाही. त्यांनी विचारलं, ही बाई तुझ्याविरुद्ध का बोलते? भावानं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं डोळ्यानंच दटावलं. भाऊ म्हणाला, "मालूम नहीं." आजही मला झोपेत तो प्रश्न ऐकू येतो आणि मी ओरडून उत्तर देते, आई उठून बसते.

निकालात लिहिलं होतं की साक्षीदार प्रतिष्ठित आहे, शिकलेली आहे, आरोपीशी तिची ओळख नाही, वैर नाही, त्यामुळे तिला खोटं बोलायचं काही कारण दिसत नाही. संपलं. ती चुकली असेल का, हा प्रश्न त्या पानांमध्ये कुठेच नव्हता. जगात फक्त खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे असे दोनच प्रकारचे लोक असतात, असं समजून तो निकाल लिहिलेला होता. घरातल्या घरात चष्मा चार वेळा हरवणारे लोक कोर्टात आले की त्यांची नजर अचूक कशी होते, मला कुणीतरी समजावून सांगावं.

त्या वर्षी गणपतीत आईनं मला मंडळात पाठवलं. अध्यक्षांकडून भावाच्या वागणुकीबद्दल चार ओळी लिहून आणायच्या होत्या, वरच्या कोर्टात अपील करायचं होतं. मला त्या मांडवात पाय ठेवायचा नव्हता. अध्यक्ष म्हणाले, आधी जेवून घ्या, मग बोलू. त्यांना माझ्या तोंडापासून सुटका हवी होती. मी पंगतीला बसले, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा. आम्ही बायका नेहमी मागच्या बाजूला पुऱ्या लाटायला असायचो.

खाली बसलं की वाढणारा वरून येतो. आधी पाय दिसतात, मग बादली, मग तो वाकतो आणि एक क्षण डोळे दिसतात. फक्त डोळे, कारण तोंडाला पांढरं कापड बांधलेलं असतं. वाढताना पोरं बोलतात, थुंकी उडते, म्हणून मंडळानं नियम केला होता. कापडाचे तुकडे शिवून आणून पोरांना वाटणारी बाई कोण? काकू. त्यांनी स्वतः उभं राहून पोरांच्या तोंडाला ते बांधून घेतले होते, माझ्या भावाच्याही.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. समोर कुणाचा तरी मुलगा वरणाची बादली घेऊन उभा होता, कापडाच्या वर त्याचे डोळे होते, आणि तो "ताई, वरण?" असं विचारत होता. काकूंनी माझ्या भावाचे डोळे असेच पाहिले होते, वर्षानुवर्षं, पांढऱ्या कापडाच्या वर, वाकलेले. दुसऱ्या कुणाचे डोळे त्यांना एका झटापटीत दिसले. जेलमध्ये इतक्या पोरांमधून त्यांना एक जोडी डोळे ओळखीचे वाटले, आणि ते खरोखर ओळखीचे होते. कुठे पाहिले एवढंच त्या चुकल्या. मी पानावरून उठले. भरल्या पानावरून उठले म्हणून दोन बायकांनी नाकं मुरडली.

अध्यक्षांना मी तिथेच सांगितलं, चार ओळी नकोत, एवढंच लिहून द्या की हा मुलगा इतकी वर्षं पंगतीत वाढायचा आणि काकू पंगतीत बसायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी हात वर केले. "मंडळाले कोर्टकचेरीत नका ओढू, बाई," ते म्हणाले. "अन् काकूंना खोटं बोलायचं काय कारण?" मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मग मी काकूंच्या घरी गेले. मला वाटलं होतं दार तोंडावर आपटतील. त्यांनी आत घेतलं, डाव्या हातानं पाण्याचा ग्लास आणला. उजव्या हातानं त्यांना ग्लास उचलता येत नव्हता. घरात एकट्या राहतात. दाराला आतून आणखी एक नवी कडी लावलेली होती. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

"काकू, तुम्ही त्याला आधी पाहिलं होतं," मी म्हणाले. "आपल्या पंगतीत. तो तुम्हाला वरण वाढायचा. तोंडाला तुमचंच कापड बांधून."

"पंगतीत वाढणाऱ्याकडे कोण बघतं गं?" त्या म्हणाल्या. "आपण आपलं पान बघतो."

त्या हे वाईट बुद्धीनं बोलल्या नाहीत. खरंच आश्चर्यानं बोलल्या. ज्याच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, त्याच्याकडे बघायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच कधी आलेलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. नीट बघितलं असतं, एकदा नाव विचारलं असतं, तर जेलच्या त्या रांगेसमोर त्या म्हणाल्या असत्या, अरे, तू इथे कसा?

"तोच होता, पोरी," त्या पुढे म्हणाल्या. "मला अजून डोळे मिटले की तोच दिसतो. ते नाक, ती हनुवटी, बारीकशी दाढी. साखळी ओढताना दात खाऊन राहिला होता."

"नाक आणि दात कसे दिसले काकू? गमछा होता ना?"

काकू खिडकीकडे बघायला लागल्या. मला दिसत होतं की त्या खरोखर शोधत होत्या, डोक्यात मागे मागे जात होत्या, आणि जिथे जातील तिथे माझ्या भावाचा उघडा चेहरा त्यांना सापडत होता. कोर्टात तारखेमागून तारखेला समोर पाहिलेला चेहरा त्या दुपारच्या गमछ्याखाली जाऊन बसला होता. आता तो तिथून कोण काढणार?

"तू मला खोटं पाडायला आली आहेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. चुकलात एवढंच म्हणते."

"ते एकच झालं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. मी पण उठले. दारापर्यंत त्या सोडायला आल्या, मी बाहेर पडल्यावर दोन्ही कड्या लागल्याचा आवाज आला.

अपिलासाठी बिलासपूरला, हायकोर्टात जायचं. तिथला वकील शांत माणूस होता, छत्तीसगढी, सगळं नीट ऐकून घेणारा. पंगतीचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. ही गोष्ट खालच्या कोर्टात पहिल्याच दिवशी सांगितली असती तर खटल्यात जीवच राहिला नसता, तो म्हणाला. ज्याला बाई वर्षानुवर्षं बघत आली, त्याला तिनं पोलिसांकडे अनोळखी का सांगितलं, एवढा एक प्रश्न पुरे होता. पण अपिलात कोर्ट खालच्या कागदांवर चालतं. जे तिथे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही. उलट आपल्याच वकिलानं ओळख नाही म्हणून लिहून घेतलंय. आता नवीन साक्ष घ्या असा अर्ज करता येतो, पण नंतर सुचलं म्हणून बनवून आणलं असंच दिसेल, आणि मंडळ तर तोंड उघडायला तयार नाही.

म्हणजे मला खरं कारण माहीत होतं, वकिलाला माहीत होतं, ओळखीचं भावाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते सांगायची जागा कुठेच उरली नव्हती. मी त्याला म्हटलं, मग तुम्ही काय सांगणार? तो म्हणाला, कागदांत दुसरं काहीतरी सापडेल.

सापडलं. काकूंनीच उलटतपासणीत बोलता बोलता म्हटलं होतं की परेडच्या आधी त्यांना ठाण्यात बोलावलं होतं, तेव्हा बाकावर एक मुलगा बसवलेला होता, त्याचं तोंड उघडं होतं, तो हाच असावा. भावाला मात्र त्या तेव्हा दिसल्याच नव्हत्या. आमच्या दुर्गच्या वकिलानं ते कानावरून जाऊ दिलं होतं. परेडच्या आधी आरोपी साक्षीदाराला दाखवला असेल तर त्या परेडला काही अर्थ राहत नाही, एवढं तर आता मीही शाळेच्या पोरांना शिकवू शकते. त्या एका वाक्यावर अपील उभं राहिलं. आणि तरी ते ऐकायला कोर्टाला तीन वर्षांवर वेळ लागला. जामिनाचा अर्ज मधे एकदा फेटाळला गेला, कारण साक्षीदार विश्वासार्ह होती.

त्या काळात आई प्रत्येक भेटीला गेली. बाबा एकदाही गेले नाहीत. भावाचं ठरलेलं लग्न मोडलं, मुलीकडच्यांनी निरोपसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून पाठवला. मी बसमध्ये कुणी तोंड बांधलेला माणूस समोर बसला की त्याच्या डोळ्यांकडे टक लावून बघायची आणि घरी येऊन ते आठवायचा प्रयत्न करायची. कधीच आठवले नाहीत. एकदाही नाही.

वरच्या कोर्टानं त्याला सोडलं. मंडळातून दोन फोन आले, अभिनंदनाचे, परीक्षेत पास झाल्यासारखे. काकूंकडून काही आलं नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, त्या म्हणतात, कोर्टानं सोडला तर सोडला, मी काय बघितलं ते मला माहीत आहे. मी ऐकून घेतलं. भांडायला आता कुणी उरलं नव्हतं.

भाऊ घरी आला, आंघोळ केली, जेवला. मग म्हणाला, निकाल वाचून दाखव. तो इंग्रजीत होता. मी मोबाइलवर बघून एकेक परिच्छेद मराठीत सांगायला लागले. बाबा खाटेवर, आई दाराशी, तो भिंतीला टेकून खाली बसलेला. परेड उशिरा झाली, आरोपी आधी दाखवला गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, सरकार पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करता आला नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन सुटका. फायदा हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळली. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारानं काहीतरी सूट द्यावी, तसा तो शब्द आहे.

"पंगतीचं लिवलं का त्यात?" भावानं विचारलं.

"नाही."

"अन् मी नव्हतो, असं लिवलं का?"

मी पुन्हा मागे जाऊन बघितलं, जणू काही मधे आलेलं असेल. "तसं नाही लिहिलं," मी म्हणाले. "तू होतास असं नक्की सांगता येत नाही, असं लिहिलंय."

तो रागावला नव्हता. रागवायचं काम त्यानं इतकी वर्षं माझ्यावर सोडलं होतं.

"मले येते ना सांगता," तो म्हणाला. "मी तं घरी झोपून होतो."